पंधरा सेंटिमीटरची चोच

चोच मोठी झाली होती. थोडीथोडकी नाही, चांगली ऐसपैस मोठी.

बुधवारी सकाळी आंबेशेतच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात बगळ्याने ती थ्रीडी प्रिंटरमधून (थरावर थर चढवून वस्तू घडवणाऱ्या यंत्रातून) बाहेर काढली, मऊ फडक्याने पुसली आणि डॉक्टर रुबिना काझींच्या हातात दिली. बगळ्या हा केंद्रातला यंत्रमानव. एकाच जाड पायावर उभा राहून तो आपले लांब, बारीक हात खाली वाकवून काम करायचा, म्हणून गावातल्या मुलांनी त्याचं हे नाव ठेवलं होतं. त्यानेही ते बिनतक्रार स्वीकारलं होतं.

त्याच्या दोन मऊ पंज्यांमध्ये एक भलामोठा काळा-पांढरा पक्षी धरलेला होता. पक्षी घाबरू नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर कापड बांधलं होतं. त्याची खालची चोच शाबूत होती. वरची मात्र अर्ध्यातून तुटली होती. त्या तुटक्या बुंध्यावर रुबिनाताईंनी नवी चोच चढवली. बाबांचं हेल्मेट लहान मुलाच्या डोक्यावर डुगडुगतं, तशी ती डुगडुगली आणि घसरून टेबलावर पडली.

"असं कसं?" अकरा वर्षांची शमिका जवळजवळ ओरडलीच. "माझ्या टॅबवर ती बरोब्बर बसली होती! एक केसभरसुद्धा फरक नव्हता!"

 रुबिनाताईंनी पट्टी घेतली आणि पडलेली चोच मोजली. पंधरा सेंटिमीटर.

"बगळ्या, फाइलीत किती आहे?"

"पंधरा सेंटिमीटर," बगळ्या म्हणाला. "फाइलीत आहे तेवढीच मी छापली."

म्हणजे बगळ्या चुकला नव्हता. मग चूक शमिकाच्या चित्रातच असणार.

हा सगळा प्रकार आदल्या दिवशी दुपारी सुरू झाला होता. शमिका आणि तिचे आजोबा, नारायण परुळकर, घराच्या मागच्या उंबराखाली बसले होते. उंबर पिकला होता आणि वर फळं खायला एक माडगरुड आला होता. पुस्तकात त्याला महाधनेश म्हणतात. पिवळीधमक लांब चोच, डोक्यावर टोपीसारखं शिंग, आणि उडताना पंखांचा आवाज असा, की लांबून एखादी आगगाडीच येते आहे असं वाटावं. पोटभर फळं घशात साठवून तो उडाला आणि त्याच क्षणी घाटाकडून सामान घेऊन येणारा एक ड्रोन झाडाच्या शेंड्याआडून बाहेर आला. दोघांनाही वळायला वेळ मिळाला नाही.

पक्षी अंगणात पडला. त्याच्यापासून चार हातांवर त्याच्या चोचीचा तुकडा पडला होता.

आजोबांनी पक्ष्यावर आपलं उपरणं टाकलं, शमिकाने तुकडा उचलला आणि दोघं रिक्षाने केंद्रात आली. पक्ष्याच्या पंखांना काही झालं नव्हतं. रुबिनाताईंनी चोचीच्या बुंध्यावर औषध लावून पट्टी बांधली आणि मग त्या खुर्चीवर मट्कन बसल्या.

"हा नर आहे," त्या म्हणाल्या. "आणि हे दिवस त्यांच्या विणीचे आहेत. शमिका, माडगरुडाची मादी कुठे असते ठाऊक आहे ना तुला आत्ता?"

शमिकाला ठाऊक होतं. मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. फक्त एक चीर उरते. दोन-तीन महिने ती आणि तिचं पिल्लू आत, आणि नर बाहेरून त्या फटीतून त्यांना भरवतो. एकेक फळ चोचीच्या टोकात धरून.

"मग आपण नेऊन देऊया ना फळं!"

"ढोली कुठे आहे ते कोणाला माहीत आहे? ह्याला एकट्याला." ताईंनी पक्ष्याकडे पाहिलं. "आणि टोक नसलेल्या चोचीनं ह्याला स्वतःलाच फळ धरता येणार नाही, तिला कसं भरवणार? तीन दिवस, फार तर चार. तेवढ्यात ह्याला परत सोडता आलं पाहिजे."

काजूच्या टरफलांपासून बनवलेलं हलकं, मजबूत प्लास्टिक केंद्रात होतं. प्रिंटर होता. पण वस्तूचा आकार आपोआप टिपून घेणारं स्कॅनर यंत्र महिनाभर बिघडलेलं होतं आणि चोचीचं चित्र काढून देणारं माणूस शहरातून यायला आठवडा लागला असता.

"मी काढते," शमिका म्हणाली.

ती चित्रकलेच्या सॉफ्टवेअरवर तासन् तास बसायची. तिने युक्तीही छान केली. टॅब टेबलावर आडवा ठेवला, तुटलेला तुकडा थेट काचेवर ठेवला आणि लेखणीने त्याच्या कडेकडेने रेघ ओढली. एकदा आडव्या बाजूने, एकदा वरून. तुकडा उचलून पुन्हा ठेवला, तरी रेघ त्याच्या कडेला चिकटलेलीच. बगळ्याने त्या दोन चित्रांवरून भरीव आकार तयार केला आणि आतून बुंध्यावर चढेल अशी पातळ कड जोडली. प्रिंटर सुरू झाला.

रुबिनाताईंनी तेवढ्यात तो खरा तुकडाच परत चिकटवता येतो का ते पाहायचं ठरवलं. पण ड्रोनच्या धडकेने तो आतून तडकलेला होता. चिमट्यात धरताच त्याचे दहा-बारा कपचे झाले.

आता त्या चोचीचं माप सांगणारं जगात एकच काही उरलं होतं. शमिकाच्या टॅबवरची रेघ. आणि ती रेघ तर खोटं बोलली होती.

"मोठ्या पडद्यावर उघडून बघू," रुबिनाताई म्हणाल्या. पक्ष्याला त्यांनी अंधाऱ्या पिंजऱ्यात परत ठेवलं होतं आणि बगळ्या त्याला चमच्याने उंबराचा गर भरवत होता. ताईंनी भिंतीवरच्या संगणकावर शमिकाची फाइल उघडली आणि 'खरा आकार' असं लिहिलेलं बटण दाबलं.

पडद्यावर चोच आली. शमिका बघतच राहिली. ही तर छापलेल्या चोचीच्याही दुप्पट होती! तिने पट्टी लावली. तीस सेंटिमीटर.

"टॅबवर तुकड्याएवढी. छापली तर पंधरा. इथे तीस." तिने पट्टी पुन्हा लावून पाहिली. "एकच चित्र आहे ताई, मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही!"

आणि मग ती रडायला लागली. रुबिनाताई तिच्याजवळ आल्या, पण त्यांच्या आधी आजोबा पोचले. ते सकाळपासून दाराशी बाकावर बसून होते. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही की गप्प हो म्हटलं नाही. नुसते तिच्या शेजारी उभे राहिले आणि ती थोडी सावरल्यावर म्हणाले, "शमू, मला त्या चित्रकलेतलं काही कळत नाही हं. पण मापातलं कळतं. मला जरा सांगशील, हा पडदा लांबी मोजतो कशाने?"

आजोबांनी अडतीस वर्षं सरकारी वजनमाप खात्यात काढली होती. बाजारात जाऊन दुकानदारांची वजनं, काटे, मापं खरी आहेत की नाहीत हे तपासायचं त्यांचं काम. सगळा जिल्हा त्यांना 'मापवाले परुळकर' म्हणूनच ओळखायचा.

"कशाने म्हणजे? सेंटिमीटरने," शमिका डोळे पुसत म्हणाली.

"नाही," पिंजऱ्याजवळून बगळ्या म्हणाला. "पडद्याला सेंटिमीटर माहीत नसतो. पडद्याला फक्त ठिपके माहीत असतात. काका, तुमचं भिंग आहे का खिशात?"

आजोबांच्या खिशात भिंग नेहमीच असायचं. शमिकाने ते मोठ्या पडद्यावर धरलं. पिवळ्या चोचीचा गुळगुळीत रंग नाहीसा झाला आणि त्या जागी चौकटीत बसवल्यासारखे बारीक बारीक ठिपके दिसायला लागले. एकाला एक लागून, ओळीच्या ओळी.

"हे पिक्सेल (चित्र ज्यांचं बनतं ते पडद्यावरचे सगळ्यात लहान ठिपके)," बगळ्या म्हणाला. "पडद्यावरचं प्रत्येक चित्र ह्यांचंच. आता तुझा टॅब बघ."

टॅबवर शमिकाला ठिपके दिसेचनात. भिंग पुढे-मागे करून, एक डोळा मिटून बघितलं तेव्हा कुठे दिसले. किती बारीक! मोठ्या पडद्यावरच्या एका ठिपक्याच्या जागेत इथे ठिपक्यांचा घोळकाच मावला असता.

"मी दोन्ही मोजून सांगतो," बगळ्या म्हणाला. त्याच्या डोळ्यात भिंगापेक्षा जोरकस काच होती. "मोठ्या पडद्यावर एका सेंटिमीटरच्या रांगेत चाळीस ठिपके बसतात. तुझ्या टॅबवर शंभर."

आजोबा हसले. "शमू, घरी आपल्याकडे उकडा तांदूळ आहे आणि आंबेमोहोरही आहे. दोन्हींचे शंभर-शंभर दाणे मोजून रांगेत मांडले, तर रांगा सारख्या होतील?"

"छे! उकड्या तांदळाचा दाणा केवढा जाड असतो. त्याची रांग लांब होईल."

"दाणे मात्र शंभरच. मोजणाऱ्याने खोटं मोजलं का?"

शमिका थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी सरकून जागेवर बसत होतं. "म्हणजे... माझी चोच टॅबमध्ये सेंटिमीटरमध्ये लिहिलेली नव्हतीच. ती ठिपक्यांमध्ये होती."

"बाराशे ठिपके लांब," बगळ्याने फाइल पाहून सांगितलं.

"आणि मोठ्या पडद्यानेही बाराशेच ठिपके दाखवले. पण त्याचे ठिपके जाड!" तिने भराभर बोटांवर हिशेब केला. "चाळीस ठिपक्यांचा एक सेंटिमीटर, तर बाराशे ठिपक्यांचे तीस. बरोबर! तीसच आले होते!" मग तिचा चेहरा पुन्हा पडला. "पण मग छापताना पंधरा कुठून आले? प्रिंटरला तर ठिपके नसतात."

"नसतात," बगळ्या म्हणाला. "मला सेंटिमीटरच लागतात. म्हणून तुझ्या सॉफ्टवेअरने फाइल पाठवताना ठिपक्यांचे सेंटिमीटर केले. त्यासाठी त्याला कळायला हवं, की तुझ्या टॅबवर एका सेंटिमीटरमध्ये किती ठिपके आहेत. काही टॅब हे आपण होऊन सांगतात. तुझा टॅब जुना आहे, त्याने सांगितलं नाही. मग सॉफ्टवेअरने एक अंदाज धरला. ऐंशी."

"बाराशे भागिले ऐंशी..." शमिकाने भागाकार केला. "पंधरा."

 एकाच चित्राची तीन मापं झाली होती आणि त्यातलं एकही कोणी मुद्दाम चुकीचं सांगितलेलं नव्हतं.

"पण त्या सॉफ्टवेअरने तुला विचारायला हवं होतं, नाही का?" रुबिनाताई म्हणाल्या. "नुसता अंदाज धरून कसं चालेल?"

शमिकाने मान खाली घातली. बोलावं की नाही, तिला कळेना. मग ती हळूच म्हणाली, "विचारलं होतं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा. एक रेघ दाखवली होती आणि लिहिलं होतं, की ह्या रेघेला पट्टी लावा आणि ती किती भरते ते सांगा. मला चित्र काढायची घाई झाली होती. मी 'नंतर' दाबलं. आणि मग विसरूनच गेले." तिने आजोबांकडे बघितलं. "माझ्यामुळे त्याचा एक दिवस फुकट गेला."

आजोबांनी तिची समजूत घालायला 'असू दे, असू दे' म्हटलं नाही. ते बाकावर तिच्या शेजारी बसले.

"गेला खरा," ते म्हणाले. "चूक झाली ती झाली. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका बाजारात एका कापडवाल्याला पकडलं होतं. त्याची मीटरची पट्टी दोन बोटं आखूड. मी चारचौघांत त्याला लबाड म्हटलं. तो म्हातारा रडायला लागला. पट्टी त्याच्या वडिलांची होती. टोकं झिजली होती, त्याला पत्ताही नव्हता. तो आयुष्यभर इमानदारीनं चुकीचं मोजत होता." आजोबांनी तिच्या टॅबकडे पाहिलं. "तेव्हापासून मी एक शिकलो. माणूस खरा असला तरी त्याचं माप खरं असेलच असं नाही. म्हणून मापाचंही माप घ्यावं लागतं. त्याला आम्ही अंशांकन म्हणायचो (आपलं मोजायचं साधन एखाद्या खात्रीच्या मापाशी ताडून बघणं). तुझा टॅब काय, त्या म्हाताऱ्याची पट्टीच."

"मग आता ती ताडून बघायची?"

"आता नाही तर कधी?"

खात्रीचं माप आजोबांच्या घरात होतंच. शमिका रिक्षाने घरी जाऊन त्यांची पोलादी पट्टी घेऊन आली. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी दिलेली, मखमलीच्या म्यानात ठेवलेली. टॅबवर तिने सॉफ्टवेअरला एक सरळ रेघ काढायला सांगितली, बरोबर दहा सेंटिमीटरची. मग श्वास रोखून रेघेवर पट्टी ठेवली.

"आठ," ती म्हणाली. "सॉफ्टवेअर म्हणतं दहा, पण खरी लांबी आठ!"

"दोनदा मोज," आजोबा म्हणाले. "एकदा आडवी रेघ, एकदा उभी."

उभीही आठच भरली.

शमिकाने कागद ओढला. सॉफ्टवेअरचे दहा म्हणजे खरे आठ. सॉफ्टवेअरचा एक म्हणजे खरा शून्य पूर्णांक आठ. मग सॉफ्टवेअरचे पंधरा म्हणजे...

"बारा! खरी चोच बारा सेंटिमीटरची होती!"

"थांबा," रुबिनाताई म्हणाल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. "एक शंका आहे. शमिका, तू गिरवत होतीस तेव्हा दोन बोटांनी चित्र मोठं-लहान केलं होतंस का? तसं केलं असेल, तर पडद्यावरच्या लांबीला काही अर्थच उरत नाही."

 शमिकाला आठवेना. आपण रंग भरताना नेहमी चित्र मोठं करतो. गिरवताना केलं होतं का?

"फाइलीत प्रत्येक रेघेबरोबर त्या वेळचा देखावा (चित्र पडद्यावर किती मोठं करून पाहिलं ते) नोंदलेला असतो," बगळ्या म्हणाला. "बघतो." त्याने फाइल चाळली.  "दोन्ही बाजू गिरवताना देखावा 'खरा आकार' हाच होता. मोठं केलं होतंस, पण नंतर, शिंगाजवळचा पट्टा रंगवताना."

शमिकाने सुटकेचा श्वास सोडला. आजोबा मात्र अजून हातात पेन्सिल घेऊन बसले होते.

"हिशेब छान झाला," ते म्हणाले, "आता ताळा कर. शाळेत गणिताचा करतेस ना, तसा. दुसऱ्या वाटेने जाऊन त्याच उत्तराला पोचता आलं पाहिजे. पहिल्या वेळी आपण एकाच मापावर विसंबलो आणि फसलो."

"दुसरी वाट कुठली? तुकड्याचा तर चुरा झाला."

 आजोबा पिंजऱ्याकडे बघत राहिले. शमिकाही बघायला लागली. आणि मग तिच्या लक्षात आलं.

"तुकडा तुटला, पण तो जिथून तुटला ती जागा अजून त्याच्याकडेच आहे! बुंध्याची उंची आणि तुकड्याच्या मागच्या कडेची उंची सारखीच असणार!"

चित्रात ती कड पाच सेंटिमीटर उंच होती. पाचाला शून्य पूर्णांक आठने गुणलं. चार आले. म्हणजे पक्ष्याचा बुंधा चार सेंटिमीटर भरायला हवा.

रुबिनाताईंनी पक्ष्याला तासभर विसावू दिलं. मग बगळ्याने त्याला पुन्हा हळुवार धरलं आणि ताईंनी व्हर्नियर (दोन जबड्यांत वस्तू धरून मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारी पट्टी) बुंध्याला लावली. पक्ष्याने एक खोल घोगरा आवाज काढला. शमिकाने त्याच्याकडे न बघता ताईंच्या तोंडाकडे बघितलं.

"एकोणचाळीस पूर्णांक सात मिलिमीटर," ताईंनी वाचलं. आणि मग त्या हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच. "चार सेंटिमीटरला केसभर कमी. तो केस कपच्यात गेला असणार."

ह्या वेळी शमिकाने घाई केली नाही. आधी तिने सॉफ्टवेअरमधलं ते 'पट्टी जुळवा' पान उघडलं आणि रेघेची खरी लांबी भरली. मग पुन्हा दहा सेंटिमीटरची रेघ काढली. ह्या वेळी पट्टीवर दहाच भरले. मग बगळ्याने बनवलेल्या सेंटिमीटरच्या जुन्या फाइलीतली लांबी, उंची, रुंदी, तिन्ही शून्य पूर्णांक आठ पट केल्या. फाइल मोठ्या पडद्याकडे पाठवण्याआधी तिने त्याचीही पट्टी जुळवून घेतली. दोन्ही पडद्यांवर चोच आली आणि दोन्हींवर बारा सेंटिमीटरच भरली. ठिपके आता वेगवेगळे होते, टॅबवर बाराशे, मोठ्या पडद्यावर चारशे ऐंशी. पण चोच एकच होती.

प्रिंटरला सहा तास लागले. नवी चोच निघाली तेव्हा ऊन कलत होतं. बगळ्याने जुनी आणि नवी, दोन्ही वजनकाट्यावर ठेवल्या. जुनी अठ्ठ्याहत्तर ग्रॅम. नवी चाळीस.

"हे कसं?" शमिका चक्रावली. "लांबी तर फक्त पाचवा हिस्सा कमी केली. वजन निम्म्यावर कसं आलं?"

"कारण तू फक्त लांबी कमी केली नाहीस," बगळ्या म्हणाला. "उंची आणि रुंदीसुद्धा केलीस. शून्य पूर्णांक आठ, तीन वेळा गुणून बघ."

तिने गुणलं. शून्य पूर्णांक पाचशे बारा. निम्म्याहून किंचित जास्त. तिने दोन्ही चोची दोन हातांत धरल्या आणि पहिली जर चुकून कशीबशी बसली असती, तर एवढं ओझं तोंडावर घेऊन त्या पक्ष्याने किती हाल सोसले असते, ह्या विचाराने तिने जुनी चोच झटकन खाली ठेवली.

गुरुवारी सकाळी चोच बसवली. दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला चिकट लेप बुंध्यावर लावून रुबिनाताईंनी ती वर सरकवली. ती सरकली आणि थांबली. ना ढिली, ना घट्ट. ताईंनी हात काढला तरी ती जागची हलली नाही. 

मग त्याला मोठ्या जाळीच्या दालनात सोडलं. तो एका फांदीवर चढून बसला. मान वाकडी करून एका डोळ्याने त्याने आपलं नवं टोक बघितलं. फांदीवर घासलं. पुन्हा घासलं. शमिकाने समोरच्या ताटलीत उंबर ठेवले होते. बराच वेळ त्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"खा ना रे," ती पुटपुटली. "ती वाट बघते आहे तिकडे."

तो खाली उतरला. पहिलं फळ निसटलं. दुसरंही निसटलं. तिसरं त्याने नव्या टोकात अलगद पकडलं, मान मागे टाकली, फळ हवेत उडवलं आणि थेट घशात झेललं. शमिका टाळ्या वाजवणार होती, पण आजोबांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. स्वतः मात्र ते खुशाल डोळे पुसत होते.

दुपारपर्यंत त्याने तीसेक उंबर घशात साठवले. गिळले मात्र नाहीत. रुबिनाताईंनी ते पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "हे त्याच्यासाठी नाहीत. चला, दार उघडा."

दार उघडलं. तो उंबरठ्यावर क्षणभर थांबला आणि मग पंखांचा तो आगगाडीसारखा आवाज करत डोंगराच्या दिशेने निघून गेला. मागे वळून बघण्याइतका वेळ त्याला कुठे होता!

पुढचे दिवस शमिकाला काही सुचेना. तो पोचला असेल का? ती तोपर्यंत जिवंत असेल का? नवी चोच टिकली असेल का? आजोबा म्हणायचे, "आपल्या हातात होतं ते माप आपण नीट घेतलं. पुढचं त्याच्या पंखांत." पण तेही दर तासाला अंगणात येऊन आभाळाकडे कान लावायचे.

अकराव्या दिवशी रुबिनाताईंचा निरोप आला. जंगलखात्याच्या माणसांना डोंगराच्या खांद्यावर एका जुन्या बेहड्याखाली फळांच्या बियांचा ढीग सापडला होता. माडगरुडाची ढोली वर असली, की खाली असा ढीग साठतो.

सगळे गेले. पन्नास-साठ पावलं अलीकडेच थांबायचं, बोलायचं नाही, अशी ताईंची ताकीद होती. झाडांमधल्या मोकळ्या जागेत ते दगडांवर बसले. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. बगळ्या तर खांबासारखा निश्चल.

मग तो आवाज आला.

तो बेहड्याच्या खोडाला बिलगून बसला. उन्हात त्याच्या चोचीचं टोक बाकीच्या चोचीहून थोडं फिकट दिसत होतं. त्याने घशातून एक उंबर वर आणला, टोकात धरला आणि खोडावरच्या चिरेपाशी नेला. चिरेतून दुसरं एक टोक बाहेर आलं आणि त्याने तो उंबर घेतला. मग दुसरा. मग तिसरा. शमिकाने मोजायला सुरुवात केली होती, पण सात-आठनंतर तिला स्पष्ट दिसेनासं झालं आणि तिने मोजणं सोडून दिलं.

चौदाव्या की पंधराव्या फळाच्या वेळी चिरेतून दोन आवाज एकदम आले. एक जाड आणि एक अगदी बारीक, चिरका.

"पिल्लू!" रुबिनाताई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. स्वतःची ताकीद त्यांनीच मोडली.

नर उडून गेला. सगळे परत निघायला उठले, पण शमिका तिथेच मान वर करून उभी राहिली.

"आजोबा, ती ढोली किती उंचावर असेल हो?"

"मी चढून मोजू शकतो," बगळ्या म्हणाला.

"नको! ती घाबरेल," शमिका घाईने म्हणाली. तिने झाडाकडे बघितलं. बेहड्याची लांबलचक सावली मोकळ्या जागेत येऊन पडली होती, शेंड्यापर्यंत, ढोलीखालच्या फांदीपर्यंत, सगळी जमिनीवर. तिने शेजारी आपली सावली बघितली. मग पुन्हा झाडाची. ऊन तर दोघांवर सारखंच तिरपं पडत होतं.

"न चढताही येईल मोजता," ती सावकाश म्हणाली. "येईल ना?"

 आजोबा नुसते परत दगडावर बसले, म्हणजे आता घरी जायची घाई नाही.

शमिकाने पायाजवळची एक सरळ काठी उचलली, उन्हात उभी धरली आणि तिची सावली कुठवर जाते ते बघायला खाली वाकली.